आधी आईला फोन, मग डायरी

सोनू, दिवाळीनंतर कडावहून खांडस, शिडी घाटाने भीमाशंकर आणि मग आहुपे, दुर्ग, ढाकोबा करत नाणेघाट. एवढं चालणार आहेस आणि रोजचं लिहूनही ठेवणार आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं गं. पण सॅकमध्ये टॅब, कीबोर्ड असं काय काय कोंबलंयस म्हणे? काढ ते बाहेर. फोन, एक पॉवरबँक, छोटी वही, पेन्सिल. बस झालं. पेन्सिलच घे, दवाने शाई पसरते.

बॅटरीचं आधी ऐक. घाटात रेंज येते-जाते, आणि फोन टॉवर शोधत बसला की चार्जिंग कधी उतरलं कळत नाही. म्हणून चालताना फ्लाइट मोड. जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहांवर चालतं. नकाशा तेवढा घरूनच उतरवून घे. पॉवरबँकेवर 10000 लिहिलंय म्हणून 5000 चा फोन दोनदा भरेल, असं धरू नकोस. मधे बरीच वीज वाया जाते, दीडदा भरला तरी पुष्कळ. आणि शेवटचे 30 टक्के डायरीचे नाहीतच. ते वाट चुकलीस तर. यावर वाद नको.

शिडीवर हात मोकळे नसतात आणि घामट बोटांना स्क्रीन दाद देत नाही. तेव्हा वर पठारावर टेकलीस की रेकॉर्डर लावून दोन मिनिटं बोल. ‘निसर्ग अप्रतिम’ वगैरे नको हं! शिडीचा लोखंडी दांडा हाताला कसा लागला, पदरगडावर ऊन कुठवर आलं होतं, चहावाल्या मावशी काय बोलल्या, ते सांग. मावशींचा आवाज घ्यायचा तर आधी विचार. नको म्हणाल्या तर वही आहेच. रात्री मुक्कामाला ते ऐकून चार ओळी लिही. सगळं उतरवत बसलीस तर झोपेचं खोबरं होईल.

तू म्हणशील, आठवतं की सगळं. आपल्याच रायगडातले, वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत फिरले. ‘माझा प्रवास’ त्यांनी परतल्यावर कितीतरी वर्षांनी आठवणीतून लिहिला. छापून आला 1907 मध्ये. पण झाशीचा वेढा आतून पाहिलेला माणूस तो, विसरेल कसा? आपली तिसऱ्या दिवशी गावांची नावंसुद्धा उलटसुलट होतात.

नाणेघाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. तिथे समोरून फ्लॅश मारू नकोस, अक्षरं सपाट दिसतात. टॉर्च बाजूने तिरपा धर, मग फोटो घे. आणि खाली वैशाखऱ्याला उतरलीस की आधी आईला फोन. मला रात्री केलास तरी चालेल.