गोर्बाचेव्ह आणि सराफ्यातला केर

अगं, उताऱ्याकडे असं टक लावून बघत बसलं म्हणून तो सुटतो होय? काल रात्री काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, पोरगी चार दिवस नुसती रशिया रशिया करतेय, धड जेवत नाही आणि काही विचारलं की डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, काकू, तिला वहीसकट माझ्याकडे पाठवा. तर आलीस ते बरं केलंस. आधी बस. सराफ्यात अजून सोन्याच्या दुकानांची शटरं खाली यायचीत, खाण्याच्या गाड्या लागायला तासभर आहे. तोवर आपलं काम होईल.

तुझी वही मी चाळली. आणि खरं सांगू का, तुला काही येत नाही म्हणून तू अडलेली नाहीस. 'दो ध्रुवीयता का अंत' हा धडा तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. गोर्बाचेव्ह १९८५ च्या मार्चमध्ये पक्षाचे सरचिटणीस झाले, पेरेस्त्रोइका म्हणजे पुनर्रचना, ग्लासनोस्त म्हणजे खुलेपणा, सगळं येतंय. घोळ असा होतोय की प्रश्न विचारतो चमचाभर आणि तू पातेलं उपडं करतेस. उतारा बिचारा बाजूला राहतो.

मी तरी काय वेगळं केलं होतं? माझ्या सराव परीक्षेत ग्लासनोस्तवर उतारा आला होता. दोन गुणांचा प्रश्न, उताऱ्यातलं खुलेपणाचं एक उदाहरण सांगा. मी दीड पान लिहिलं बघ! गागारिन लिहिला, चेर्नोबिल लिहिलं, राज कपूरचा 'आवारा' तिकडे किती चालला तेसुद्धा लिहिलं. उताऱ्यात होतं आंद्रेई सखारोव यांचं नाव, तेवढं नेमकं राहिलं. दोनपैकी शून्य.

पुढच्या परीक्षेत सखारोव पुन्हा आले. या वेळी मी त्यांना सोडणार नव्हते. हायड्रोजन बाँबच्या कामातला मोठा शास्त्रज्ञ, मग मानवी हक्कांसाठी भांडणारा, अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत लष्करी कारवाईविरुद्ध बोलला म्हणून १९८० मध्ये गोर्की शहरात नजरकैदेत. १९८६ च्या डिसेंबरमध्ये गोर्बाचेव्हनी स्वतः फोन करून त्यांना मॉस्कोला परत बोलावलं. सगळं बरोबर होतं गं. फक्त पेपर हिंदीत होता आणि डोकं माझं मराठीत चालत होतं. मी लिहिलं, 'सखारोव को गोर्की शहर में शिक्षा दी गई.' सरांनी लाल शाईनं शेजारी विचारलं, 'कौन-से विषय में?' वर्गात आठवडाभर मला कुणी नावानं हाक मारली नाही.

हसू नकोस, तुझ्याही वहीत तसला एक नमुना आहे. पान उलट. हिंदी उताऱ्यात लिहिलंय की मार्च १९९० मध्ये सोव्हिएत संविधानाच्या अनुच्छेद ६ में संशोधन हुआ, आणि तू उत्तरात त्या कलमाचा 'अभ्यास' करायला माणसं बसवलीस. हिंदीतलं संशोधन म्हणजे आपली दुरुस्ती, बाई. कम्युनिस्ट पक्षाच्या एकहाती नेतृत्वाला राज्यघटनेचा आधार देणारं ते कलम तेव्हा बदललं, एवढी मोठी गोष्ट झाली होती. आपण इंदुरातली मराठी माणसं घरी एक भाषा बोलतो, शाळेत दुसरी लिहितो, तिसरीतली पुस्तकं वाचतो, तेव्हा असे शब्द वाटेत पाय घालतातच. शिक्षा, संशोधन, चेष्टा, सगळे दिसायला सोज्वळ. वहीच्या मागच्या पानावर यादी करून ठेव आणि परीक्षेच्या सकाळी तीच वाच.

आता कामाचं ऐक. सराफ्यात दुकानांपुढचा केर झाडून नेणारी माणसं तू पाहिली आहेस ना? आपल्याकडे त्यांना झारेकरी म्हणतात. लोकांच्या लेखी ती धूळ, ते तीच धुऊन चाळून कणभर सोनं काढतात. पण काढतात त्याच केरातून. घरून सोनं आणून त्यात टाकत नाहीत. उतारा वाचायचा तो असा.

मी सकाळी पोहे टाकता टाकता तुझ्यासाठी एक उतारा लिहून ठेवलाय (म्हणून पोहे जरा लागले). हा घे, सावकाश वाच:

'१९८५ नंतर गोर्बाचेव्ह यांनी अर्थव्यवस्थेची पुनर्रचना आणि सार्वजनिक जीवनात खुलेपणा ही धोरणे स्वीकारली. १९८७ च्या कायद्याने सरकारी कारखान्यांना उत्पादनाबाबत काही अधिकार मिळाले, तरी किमती ठरवण्याचा अधिकार बव्हंशी केंद्राकडेच राहिला. दुकानांतील टंचाई वाढत गेली. दरम्यान वृत्तपत्रे तिच्याविषयी उघडपणे लिहू लागली आणि लोकांचा असंतोष पक्षाकडे वळला.'

आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, मग पुन्हा प्रश्न. पेन्सिल हातात ठेवायची. आणि बघ, तारखांखाली रेघा ओढू नकोस, तारखा कुठे पळून जात नाहीत. रेघ ओढायची ती 'तरी'खाली, 'दरम्यान'खाली, 'तिच्याविषयी'खाली. सोनं त्या बारक्या शब्दांत असतं.

पहिला प्रश्न, दोन धोरणं कोणती. हा तर फुकटचा, दोन शब्द लिही आणि सुटका करून घे. दुसरा, कारखान्यांना दिलेले अधिकार अपुरे का ठरले? इथं 'तरी' कामाला येतो, किमती केंद्राच्या हातात राहिल्या म्हणून. तिसरा, वृत्तपत्रं कशाविषयी लिहू लागली? तू पटकन 'पुनर्रचनेविषयी' लिहिशील, मीही लिहिलं असतं. पण 'तिच्याविषयी'मधली 'ती' म्हणजे जवळची टंचाई. चौथा जरा लबाड आहे: '१९८७ च्या कायद्यामुळे टंचाई वाढली, असे उतारा म्हणतो का?' नाही म्हणत! दोन वाक्यं शेजारी बसलीयत एवढंच, मध्ये 'म्हणून' नाही. आपल्या वाड्यात शेजारी राहणारे सगळे नातेवाईक होते का? तसंच.

आता तू म्हणशील, मग धडा पाठ केला तो कशाला? अगं, उतारा वाचताना गोंधळू नये म्हणून. माणसाला आतली गोष्ट ठाऊक असली की बाहेरचं वाक्य चटकन कळतं. त्या १९८७ च्या कायद्याचंच बघ. १ जानेवारी १९८८ पासून तो लागू झाला. समज, इथल्या खोपरा पॅटिसवाल्या भैयांना सरकारनं सांगितलं, आता किती पॅटिस तळायची ते तुम्ही ठरवा. फक्त नारळ आमच्याकडूनच मिळेल, भाव आमचाच राहील आणि पहिली मोठी ऑर्डर आमची. वर बुडालात तर आम्ही आहोतच. मग ते कशाला चव सांभाळतील? पोरांचे पगार वाढवतील आणि गप्प बसतील. तिकडे तसंच झालं. पगार वाढले, लोकांच्या हातात रूबल आले आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या. १९८८ च्या मे महिन्यात सहकारी संस्थांचा कायदा करून छोट्या खासगी धंद्यांना दार उघडलं, तर त्यांचे भाव बघून लोक आणखी चिडले.

आणि वरून हुकूम आला की खाली काय होतं, हे सराफ्यातल्या पोरीला मी सांगायला हवं का? तुझ्या आजोबांच्या पिढीतल्या कुठल्याही कारागिराला १४ कॅरेट म्हणून बघ, पाणी प्यायचा थांबेल. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. लोकांची सोन्याची हौस काही कमी झाली नाही, चोरटं सोनं मात्र वाढलं आणि हातावर पोट असलेले सोनार रिकामे बसले. पुढे १९६८ मध्ये रीतसर कायदा झाला, तो उठला थेट १९९० मध्ये. आता गोर्बाचेव्हनी मे १९८५ मध्ये दारूविरुद्ध मोहीम काढली ती आठव. वोडका दुकानातून कमी झाली, लोकांनी घरी गाळायला सुरुवात केली, तर बाजारातली साखर गायब! शिवाय दारूवरच्या कराचं उत्पन्न बुडालं ते वेगळं. त्यातच १९८६ मध्ये खनिज तेलाचे भाव कोसळले. 'सुधारणेचे अनपेक्षित परिणाम' असा प्रश्न आला की हे डोळ्यांपुढे आण. पण लिहायचं कधी? प्रश्नात 'उताऱ्याच्या आधारे' हे शब्द नसतील तेव्हाच. असतील तर तोंडावर बोट.

राजकीय बाजूचं मी भराभर सांगते, तुला ते येतं. मार्च १९८९ मध्ये लोकप्रतिनिधी काँग्रेसच्या निवडणुका झाल्या. २२५० जागा, त्यातल्या १५०० मतदारसंघांतून आणि ७५० पक्षासकट निरनिराळ्या संस्थांना राखीव. म्हणून 'पूर्ण मुक्त निवडणूक' असं लिहू नकोस, 'स्पर्धेला वाव असलेली' लिही. त्या काँग्रेसचं कामकाज टीव्हीवर थेट दाखवलं आणि लोक हातातली कामं टाकून बघत बसले. आपले सखारोव, ज्यांना मी शिक्षण देऊन ठेवलं होतं, ते त्याच सभागृहात निवडून आले होते.

ग्लासनोस्त मी 'ग्लास'वरून पाठ केला होता, काच म्हणजे पारदर्शक. परीक्षेत चाललं, पण मूळ तसं नाही. रशियनमध्ये तो शब्द आवाजाशी जोडलेला आहे, जाहीर बोलण्याशी. आपल्याकडचा बोभाटा म्हण ना. घरातली तूरडाळ संपलीय हे जोवर स्वयंपाकघरात आहे तोवर घराची अब्रू शाबूत. उद्या पेपरात छापून आलं आणि डाळ मात्र आलीच नाही, तर काय होईल? माझं तर मत आहे, गोर्बाचेव्हचं गणित तिथंच फसलं. बोभाटा वेळेवर पोचला, डाळ पोचली नाही. हे माझं मत झालं. 'तुमचे मत लिहा' असा प्रश्न आला तर तू तुझं लिही, माझ्याशी भांडणारं असलं तरी चालेल. फक्त मतामागे एक कारण हवं आणि कारणामागे एक घटना. नुसतं 'ते महान नेते होते' असं लिहिलंस तर मीच गुण कापेन. १९९० चा शांततेचा नोबेल त्यांना मिळाला हे खरं, पण ती घटना आहे, कारण नव्हे.

राहता राहिल्या तारखा. ऑगस्ट १९९१ मधला गोर्बाचेव्हविरुद्धचा फसलेला उठाव १९ ते २१, हे सोपं. २५ डिसेंबर १९९१ ला गोर्बाचेव्हनी टीव्हीवरून राजीनामा जाहीर केला आणि त्याच संध्याकाळी क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. ही तारीख तू तीनदा चुकवलीयस. आता इंदूरवाली युक्ती देते. आपली हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली ना? तिच्या सुमारे ४८०० कामगारांच्या थकबाकीचा, २२४ कोटींचा धनादेश दिला गेला तोही २५ डिसेंबरलाच, २०२३ साली. तीस वर्षं कोर्टकचेरी झाली, वाट बघता बघता कित्येक जण गेले. ज्या मिलमजुरांच्या बळावर १९६२ मध्ये कामगार नेते होमी दाजी इंदुरातून लोकसभेत गेले, त्यांच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सोव्हिएत संघ बुडाल्याची बातमी आणि मिलचा भोंगा बंद पडल्याची आठवण एकाच काळातली वाटते. हे पेपरात लिहायचं नाही हं! पण तारीख आता विसरलीस तर सांग.

आणि बघ, वेळेचा बाऊ करू नकोस. उताऱ्याला बारा मिनिटं पुरतात. चार वाचायला, सहा लिहायला, दोन आपण मराठीत लिहिलंय की हिंदीत ते तपासायला. अडलं तर पुढचा प्रश्न घे आणि मग परत ये. झोप मात्र पुरती घे. मी रात्रभर जागून पेपरला गेले होते तेव्हा लेनिनच्या १९२१ च्या नव्या आर्थिक धोरणाला 'नवं शैक्षणिक धोरण' करून आले होते. शिक्षणाशी माझं काय वाकडं होतं, देव जाणे.

चल, खाली शटरं पडायला लागली, भुट्ट्याच्या किसाचा वास आला बघ. रविवारी तीन उतारे सोडवून आण, एकेका उत्तराला चार ओळींच्या वर जायचं नाही. मी लाल पेन घेऊन बसते. आणि काकूंना आत्ताच्या आत्ता फोन कर, जेवून येतेय म्हणून सांग.