उपवास आणि आम्लपित्त

उपवास ही भारतातील जुनी प्रथा आहे. अलीकडे व्रतासाठीच नव्हे, तर आरोग्यासाठीही उपवास केला जातो. दिवसातील ८ तासांत जेवण उरकून उरलेले १६ तास काही न खाण्याची पद्धत अनेकांनी स्वीकारली आहे. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना उपवास मानवतो का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

अन्नाच्या पचनासाठी जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवते. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येते. अन्ननलिकेला जठरासारखे संरक्षक अस्तर नसते. त्यामुळे छातीत जळजळते व आंबट ढेकर येतात. जठर गच्च भरले, तेलातुपामुळे ते उशिरा रिकामे झाले किंवा जेवताच माणूस आडवा झाला, तर हा त्रास वाढतो.

संकष्टी चतुर्थीचा उपवास हे याचे बोलके उदाहरण आहे. हा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो आणि चंद्र उगवायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. दिवसभर चहा आणि साबुदाण्याची खिचडी, रात्री भुकेच्या भरात पोटभर जेवण आणि लगेच झोप, असा अनेक घरांतील क्रम असतो. मध्यरात्री छातीत आग पडते. दोष मात्र उपवासाला दिला जातो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच रूढ झालेली नाही.

याउलट, शेवटचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आधी आणि बेताचे घेतल्यास रात्रीची जळजळ कमी होण्यास मदत होते. स्थूल व्यक्तीचे वजन उतरले, तर पोटावरील दाबही घटतो. संकष्टीला उपवास सोडताना थोडे वरण-भात घ्यावे आणि काही वेळ बसून मग झोपावे. त्याने व्रतही पाळले जाते आणि प्रकृतीही.

मधुमेही व्यक्तींनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दीर्घ उपवास करू नये. गिळताना त्रास होणे किंवा शौचास काळी होणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. छातीतील वेदना हातात वा जबड्यात पसरत असेल, तर ती आम्लपित्ताची समजून घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपवास कसा धरावा, याइतकेच तो कसा सोडावा, हेही महत्त्वाचे आहे.

पाठगत प्रश्न
१. छातीत जळजळ का होते?
२. संकष्टीच्या रात्री त्रास वाढण्याची दोन कारणे लिहा.
३. तुमच्या घरी उपवास कसा सोडतात? त्यात कोणता बदल सुचवाल?