नाण्याची पारख

हिंगोली

चि. बाळास,

तुझे पत्र पावले. मारिया थेरेसाच्या थेलर या चांदीच्या नाण्यावर १७८० हा सन स्पष्ट आहे, सबब मागेल त्या किमतीस ते घ्यावे काय, असा तुझा सवाल आहे. घाई करू नकोस. ऑस्ट्रियाची ती सम्राज्ञी त्याच साली निवर्तली. परंतु अरबस्तान व हबसाणातील व्यापाऱ्यांचा त्या मुद्रेवर एवढा भरवसा होता की, तोच सन कायम ठेवून पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ ही नाणी पाडली गेली आणि दुसऱ्या महायुद्धात ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीतूनही निघाली.

तेव्हा आधी तराजू, मग चित्र. थेलर भरते २८ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन तोळे पाच मासे. स्पेनचे आठ रियालांचे नाणे २७ ग्रॅमच्या आसपास. आणि आपल्या घरच्या पेटीतला निजामशाहीचा हाली रुपया तोळ्याहून किंचित हलका. १७३२ पासून मेक्सिकोत यंत्रावर पाडलेल्या स्पॅनिश नाण्यावर लाटांतून उभे दोन स्तंभ, मध्ये मुकुटाखाली पृथ्वीचे दोन गोल आणि कडेला पानांची नक्षी असते. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याची ही नक्षी बोथट होते व कडेवर बहुधा जोडाची रेघ राहते. नाणे हाती येताच प्रथम कड पाहावी.

अस्सल युरोपीय रुपे इकडे विरळ आहे, त्याचे कारण सुरतेस उतरलेले परके नाणे धातूच्या भावाने तोलून मोगली टांकसाळीत आटवले जाई व रुपया होऊन बाहेर पडे. १६७४ मध्ये इंग्रजांनी आपले नाणे स्वराज्यात चालावे अशी विनंती केली, तेव्हा शिवछत्रपतींनी, नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती प्रजेवर करता येत नाही, मात्र ते वजनास व कसास उतरेल तर मनाई नाही, असा जबाब दिला. संग्राहकाने हाच न्याय धरावा, असे मला मनापासून वाटते.

चिंचेने वा राखेने नाणे घासू नकोस. काळसर झाक गेली की जाणता गिऱ्हाईकही जातो. सराफाने पारखताना मारलेला बारीक ठसा खोट समजू नकोस, त्यावरून नाणे कोणत्या बाजारांतून फिरले हे ताडता येते. वसमतेकडे शेतात सापडले म्हणून कोणी गुपचूप विकू लागल्यास हातही लावू नकोस. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपये वा अधिक मोलाच्या अशा धनाची इत्तिला जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते.

थेलर चांदीच्या दराहून फार महाग नसेल तर घे, रीतसर पावती माग, आणि वजन मला कळव.

तुझा,
मामा