निकोडेमस : माळरानावरील मुक्तांचे गाव

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना आदरपूर्वक अर्पण केला. मुक्त झालेल्या त्या माणसांनी पुढे काय केले? चारच वर्षांनी त्यांच्यापैकी काहींनी वसवलेल्या एका लहानशा गावाची ओळख या पाठातून होते.

मूळ पाठ

अमेरिकेच्या मध्यभागी कॅन्सस हे राज्य आहे. त्याच्या पश्चिम भागात क्षितिजापर्यंत गवताळ माळ पसरलेला असून झाडे केवळ नदीनाल्यांच्या काठी आढळतात. येथेच सॉलोमन नदीजवळ १८७७ साली निकोडेमस वसले.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, तरी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला भूमिहीनता व दहशत आलीच. दुसरीकडे, १८६२ च्या कायद्यानुसार पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर सरकारी जमीन मिळू शकत होती. डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि डब्ल्यू. आर. हिल हे गौरवर्णीय जमीनव्यावसायिक यांनी या माळावर नगर वसवण्याची योजना मांडली.

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकी राज्यातून सुमारे ३०० जण निघाले. एलिस स्थानकापासून पुढे सुमारे ५५ किलोमीटर वाट तुडवून ते पोहोचले, तेव्हा त्यांना गाव दिसेना; दिसला तो जमिनीतून वर येणारा धूर! आधी आलेली माणसे जमीन खोदून केलेल्या घरांत राहत होती. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांना असेच दृश्य पाहून रडू कोसळले. काही कुटुंबे परत फिरली. पण हिकमन मात्र तेथेच राहिल्या.

पहिल्या हिवाळ्यात अन्नाची टंचाई झाली. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी लोकांनी आपल्याजवळचे अन्न वाटून दिले, असे गावकरी सांगत आले आहेत. हळूहळू शेते पिकू लागली. शाळा, चर्च, दुकाने आणि वृत्तपत्रे निघाली. येथे स्थायिक झालेले एडवर्ड मॅकेब १८८२ साली राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले.

गावाला आता रेल्वेची आस लागली. तिच्यासाठी १६,००० डॉलरचे रोखे काढण्यास गावकऱ्यांनी मतदानाने मान्यता दिली. परंतु १८८८ साली लोहमार्ग नदीच्या पलीकडून गेला. दुकानदारांनी आपली दुकाने उचलून रुळांजवळच्या बोग गावी नेली. १९३० च्या दशकातील मंदीने व धुळीच्या वादळांनी उरलेल्यांचीही परीक्षा पाहिली. १९५३ मध्ये टपाल कचेरी बंद झाली.

तरीही पाच वास्तू उभ्या राहिल्या : १८८५ चे मेथॉडिस्ट चर्च, १९०७ चे बाप्टिस्ट चर्च, १९१८ ची शाळा, जुने सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतून १९३९ साली बांधलेले चुनखडी दगडाचे नगरगृह. १९९६ साली अमेरिकी संसदेने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

आज येथे मोजकीच माणसे राहतात. मात्र दरवर्षी जुलैअखेरीस मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी दूरदूरच्या शहरांतून या घराण्यांचे वंशज परततात. ज्यांच्या पूर्वजांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांना 'आमचे गाव' म्हणता येईल अशी ही भूमी आहे.

शब्दार्थ

आस – तीव्र इच्छा
रोखे – कर्ज उभारण्यासाठी काढलेले दस्तऐवज
वंशज – पुढील पिढ्यांतील माणसे

पाठगत प्रश्न

१. निकोडेमसला पोहोचलेल्या लोकांना गाव का दिसले नाही?
२. लोहमार्ग नदीपलीकडून गेल्याचा गावावर काय परिणाम झाला?
३. तुमच्या परिसरातील एका जुन्या वास्तूची माहिती आठ-दहा ओळींत लिहा.