वजनी बैठका आणि मानेची काळजी

महाराष्ट्राच्या सीमेलगत वसलेले वांकिडी २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. कापूस पिकविणाऱ्या या भागातील शेतकऱ्यास बैलाची खांदेसूज सांगावयास नको. जू खडबडीत असले, किंवा भार एकाच जागी पडत राहिला, की खांदा सुजतो. खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन बैठका काढणाऱ्या तरुणांच्या मानदुखीचे कारणही पुष्कळदा हेच असते. आपल्या तालमीतील जोर-बैठकांत मानेवर भारच नसे. त्यामुळे हा प्रश्न नव्याने आला आहे.

मान पुढे वाकविली असता तिच्या तळाशी जे ठळक हाड बोटास लागते, तो बहुधा मानेचा सातवा मणका होय. दांडा त्यावर कदापि टेकू नये. त्याच्या किंचित खाली, खांद्यांच्या मांसल भागावर तो ठेवावा. दोन्ही फऱ्या एकमेकींकडे ओढून धरल्या म्हणजे तेथे स्नायूंची गादी आपोआप तयार होते. अनेकजण दांड्याला जाड टॉवेल गुंडाळतात. हा उपाय वरवरचा आहे. जाड गुंडाळीमुळे दांडा घरंगळतो आणि मूळ चूक झाकली जाते.

हात दांड्याचा भार उचलण्यासाठी नसून तो पाठीशी घट्ट धरण्यासाठी आहेत. खांदे आखडलेले असल्यास पकड थोडी रुंद घ्यावी. छताकडे पाहत उठण्याची सवय मानेस घातक असते. दृष्टी समोर, काही पावलांवरील जमिनीकडे असावी. उठताना कंबर आधी वर आली तर धड पुढे झुकते व दांडा मानेकडे सरकतो. म्हणून छाती व कंबर बरोबरच उचलावीत.

सांगलीच्या संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात दोन प्रकारांत मिळून २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. असे आकडे ऐकून मुले एकदम चकत्या चढवितात. शिक्षकांनी प्रथम काठीवर सराव करून घ्यावा. स्पर्धेचा रिकामा दांडाच पुरुषांसाठी २० व स्त्रियांसाठी १५ किलोंचा असतो, हे ध्यानी असावे.

स्नायूंचा साधा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो. परंतु हातात मुंग्या आल्या, बोटे बधिर झाली अथवा पकड ढिली पडू लागली, तर व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी मान चोळून घेणे वा कडाडून मोडून घेणे टाळावे.