फोर-व्हील-ड्राइव्ह आणि बर्फ

मागच्या जानेवारीत आम्ही मनालीहून सिस्सूला निघालो होतो. व्हॅन फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणून मी अगदी निर्धास्त! ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातला रस्ता कोरडा होता. बाहेर पडलो तर सगळं पांढरंशुभ्र. पुढची गाडी थांबली, ड्रायव्हरकाकांनी ब्रेक दाबला आणि आमची व्हॅन घसरतच गेली. हातभर अंतरावर थांबली.

मित्रांनो, तेव्हा एक गोष्ट कळली. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे गाडी बर्फातून सहज निघते, चढही चढते. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात! थांबणं शेवटी टायरच्या पकडीवर. गाडी छान पळते म्हणून आपण वेग वाढवतो, आणि तिथेच फसतो.

म्हणून काय करावं?

१. साखळ्या चढ लागण्याआधीच, सपाट जागी थांबून बांधाव्यात.
२. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवावं.
३. उतारावर आधीच पहिला-दुसरा गियर टाकावा. इंजिनच गाडी आवरतं.
४. गाडी घसरली तर अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि जायचंय त्या दिशेला स्टिअरिंग हळूच वळवावं.
५. बर्फात अडकलात तर इंजिन चालू ठेवण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना रंग, ना वास.

परतताना काकांनी बोगद्यातच वेग कमी केला. कोणी घाई केली नाही.