दूरस्थांची सभा कशी भरते?

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या आणि पुढें आम्ही घरीं बसून मोबाइलवर वर्ग घेऊं लागलों. कोल्हापूरच्या पूर्वेस, विमानतळाजवळ असलेल्या गडमुडशिंगीचा एक विद्यार्थी वर्गास नेमानें हजर असे. परंतु त्याचें उत्तर तुटक तुटक येई. त्यानें अभ्यास केला नाहीं असें समजून आम्ही त्यास रागें भरलों. पुढें कळलें कीं, मुलानें उत्तर पूर्ण दिलें होतें. त्याचे तुकडे वाटेंत गळले होते. तेव्हां ही सभा कशी भरते हें आधीं आपणच शिकावें, असें आम्हीं ठरविलें. जें शिकलों तें येथें सांगतों.

मोबाइलांतील मायक्रोफोन आवाजाचें विजेच्या लहरींत रूपांतर करतो. त्या लहरींचीं मापें सेकंदास हजारों वेळां घेऊन तीं शून्य व एक या अंकांत मांडितात. चित्राचे अंक मात्र अफाट. १,२८० गुणिले ७२० ठिपक्यांचें चित्र, प्रत्येक ठिपक्यास २४ अंक, सेकंदास ३० चित्रें, असा हिशेब केल्यास सेकंदाला ६६ कोटींहून अधिक अंक होतात! म्हणून 'कोडेक' नांवाची योजना मागील चित्रांतून जें बदललें नाहीं तें वगळते, आणि हा भार वीस लाखांच्या आसपास आणते. आवाजास तर तीस-चाळीस हजार अंक पुरतात.

हे अंक लहान पुडक्यांत बांधतात. आवाजाच्या एका पुडक्यांत बहुधा सेकंदाचा पन्नासावा भाग मावतो. प्रत्येक पुडक्यावर पत्ता व अनुक्रमांक असतो.

आतां वाटेवरील यंत्रें पाहूं. एक सर्व्हर केवळ बोलावण्याचें काम करतो: कोण कोठें आहे, कोणत्या कोडेकनें बोलावयाचें, हा करार तो घडवून आणतो. दुसरा सर्व्हर प्रत्यक्ष आवाज व चित्र पोहोंचवितो. लग्नाचें आमंत्रण देणारा निराळा आणि पंगतींत वाढणारा निराळा, तसेंच हें. वाढणारा नसेल तर काय होईल? चाळीस जणांच्या वर्गांत प्रत्येकास आपलें चित्र एकोणचाळीस ठिकाणीं धाडावें लागेल. एकूण १,५६० पाठवण्या! सर्व्हर असल्यामुळें प्रत्येकानें एकदांच पाठवावें, वांटणी तो करील.

ऐकणाराच्या मोबाइलांत मागें-पुढें आलेलीं पुडकीं क्षणभर राखून क्रमानें लावितात. फार उशिरा आलेलें पुडकें टाकून द्यावें लागतें. पत्र दोन दिवसांनीं आलें तरी वाचतां येतें. शब्द दोन सेकंदांनीं आला तर संभाषण मोडतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणें एका बाजूचा विलंब सेकंदाच्या १५० सहस्रांशांच्या आंत असावा, म्हणजे बहुतेक संभाषणास बाधा येत नाहीं.

हा विषय केवळ शाळेपुरता नाहीं. महाराष्ट्रांतील एका खटल्यांत न्यूयॉर्क येथील डॉक्टरांची साक्ष अशाच साधनानें घेतां येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २००३ रोजीं दिला. जेथें साक्षीवर न्याय अवलंबून, तेथें गळलेल्या एका शब्दाचें मोल केवढें, याचा विचार करावा.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरीं एकाच जोडणीवर तीन भावंडांचे वर्ग चालत. "चित्र बंद कर, आवाज तेवढा ठेव," असें सांगतांच त्याचें उत्तर स्पष्ट ऐकूं आलें, आणि तें बरोबर होतें. आम्हीं वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली.

साखळीची ताकद तिच्या सर्वांत अशक्त कडीइतकीच. म्हणून पालकांनीं जोडणी अपुरी असतां आधीं आवाज राखावा, आणि आम्हां शिक्षकांनीं मुलास दोष देण्यापूर्वीं एकवार पुन्हां विचारावें, "बाळ, तूं काय म्हणालास?"